दुसऱ्यांदा वाजलेली घंटा

ती हसली, आणि स्वतःचं हसू स्वतःच्याच कानांनी ऐकून दचकली.

सकाळी साडेनऊची, उभ्याउभ्याच उरकायची मीटिंग. सहाव्या मजल्यावरचा काचेचा कोपरा, भिंतीवर पांढरा फळा, आणि फळ्यावर प्रत्येकाच्या कामासमोर लोहचुंबकाची एकेक गोल चकती. काम नीट चाललंय तर हिरवी, अडलंय तर पिवळी, बुडतंय तर लाल. अकरा माणसं होती आणि अकराच्या अकरा चकत्या हिरव्या होत्या. ॲपचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मास्तरांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "घंटा दोनदा वाजतेय. फोन बंद होऊन परत चालू झाला, की आधी वाजून गेलेली घंटा पुन्हा वाजते. हे नीट करायला मला वेळ लागेल. लाँचला उरलेल्या नऊ दिवसांत नाही व्हायचं." एवढंच बोलले, तेही हळू आवाजात, फळ्याकडे बघत. कप्तानाने, म्हणजे त्यांच्या टीमच्या साहेबाने, हातातला कॉफीचा पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि गोड हसून म्हणाला, "मास्तर, शाळेतली नोकरी सोडून तुम्हाला बारा वर्षं झाली, पण तुमचा तास काही संपत नाही बघा. घंटा दोनदा वाजवायची खोड तुमचीच असणार, बिचाऱ्या फोनची नव्हे." सगळे हसले. त्या हसण्यात एक हसू जरा उंच, जरा लांबलेलं, शेवटी नाकातून निसटलेलं असं होतं. ते कोणाचं, म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपलंच तोंड उघडं आहे.

मीटिंग मोडली. मास्तरांनी आपल्या ओळीतली हिरवी चकती उगाचच अर्धा इंच सरकवली, परत होती तिथे आणली आणि निघून गेले. ती आपल्या जागेवर येऊन बसली. समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर कामाची यादी उघडी होती, पण अक्षरं डोळ्यांवरून नुसती घसरत होती. हसण्यासारखं त्यात काय होतं? विनोद तरी धड होता का? आणि मुख्य म्हणजे घंटा दोनदा वाजते हे शोधून काढलं होतं कोणी? तिनेच. ती टेस्टर होती. प्रोग्रॅमर लोकांनी लिहिलेलं वापरून बघायचं, मोडून बघायचं, कुठे फसतंय ते सांगायचं, याचाच तिला पगार मिळत होता. कालच संध्याकाळी जिन्याच्या वळणावर तिने मास्तरांना गाठलं होतं. "मास्तर, एक सांगते, पण माझं नाव घेऊ नका हं. तुम्हालाच दिसलं असं म्हणा." मास्तरांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं होतं आणि "बरं" म्हणाले होते. आज त्यांनी शब्द पाळला, आणि ती त्यांना हसली. आधी माणसाला पुढे ढकलायचं आणि मग ते पडलं की हसायचं. असलं तिने शाळेतसुद्धा कधी केलं नव्हतं. तिथे ती पडणाऱ्यांतली होती.

बरं, हसायचं असं काही तिने ठरवलं नव्हतं. हीच तर भीती वाटण्यासारखी गोष्ट होती. डोळ्यांसमोर काही आलं की पापणी मिटते, तसं ते हसू आलं होतं. कप्तानाचा आवाज गोड झाला, तो 'बघा' म्हणाला, आणि तिच्या गळ्यातल्या कुठल्याशा स्नायूने आपलं काम केलं. किती महिन्यांची तालीम असेल ही? तिने आठवून पाहिलं. तीन वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा सगळी मिळून पाच माणसं होती, फळा नव्हता, चकत्या नव्हत्या. गोळ्यांची वेळ सांगणारं ॲप करायचं, एवढंच ठरलेलं. एकटी राहणारी, विसरभोळी झालेली म्हातारी माणसं. त्यांच्या फोनवर घंटा वाजेल, गोळीचं चित्र दिसेल, गोळी घेतली की खालचं मोठं 'घेतली' बटण दाबायचं. किती साधी गोष्ट! तेव्हा ती दिवसाला वीस-वीस चुका काढायची आणि मास्तर तिला म्हणायचे, "आज पंचवीस चुका निघाल्याशिवाय काम परत पाठवू नकोस." चूक सापडली की ते टेबलावर थाप मारायचे. खरोखरच्या आनंदाने. कोडं सुटलं की माणूस मारतो तशी.

कप्तान नंतर आला. आता त्याला राक्षस ठरवणं सोपं होतं, पण तसा तो नव्हता, आणि तिला हे कबूल करावं लागे. तिच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्याने आपणहून तीन आठवड्यांची सुट्टी दिली होती, वर फोन करून विचारपूस केली होती. सगळ्यांचे वाढदिवस त्याला तोंडपाठ. 'आपण एका होडीत आहोत' हे त्याचं वाक्य, म्हणून तो कप्तान. फक्त होडीत पाणी शिरलंय असं कोणी म्हटलं की त्याचा आवाज गोड होई. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी भांडता येतं, निदान मनातल्या मनात तरी. गोड आवाजापुढे माणूस नुसता वितळतो. गेल्या वर्षी एका मुलीने फळ्यावर लाल चकती लावली होती. नवीनच होती बिचारी; तिला वाटलं, रंग आहे म्हणजे वापरायचा असणार. कप्तानाने तिला सगळ्यांसमोर चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. एकही कडू शब्द नाही. "तुझ्या मनात ही भीती का येते, ते आपण सगळे मिळून शोधू या." सगळ्यांनी मिळून शोधलं. महिनाभराने ती मुलगी टेबलावरची छोटी कुंडी पोटाशी धरून लिफ्टमध्ये उभी होती आणि लिफ्टचं दार मिटेपर्यंत तिच्याकडे कोणी बघितलं नाही. त्यानंतर लाल कोणी लावली नाही. मग पिवळीही गेली. मग शब्द जायला लागले. 'चूक' म्हणायचं नाही, 'निरीक्षण' म्हणायचं. मग निरीक्षणही जरा बोचरं वाटलं, तेव्हा 'सुधारणेची संधी'. मागच्या महिन्यात तिने लिहिलेल्या एका अहवालात 'ॲप बंद पडते' याऐवजी 'ॲपला विश्रांतीची संधी आढळते' असं वाक्य होतं. लिहिताना तिला गंमत वाटली होती. आज वाटत नव्हती.

टेबलाच्या काचेखाली बोट घालून ती कितीतरी वेळ बसून राहिली, आणि तिला पाऱ्याचे गोळे आठवले. ती नऊ वर्षांची असेल. आई दवाखान्यात नर्स होती, घरी तिचा एक थर्मामीटर असायचा, केशरी डबीतला. हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं, म्हणूनच हात लावला. फुटला. पाऱ्याचे चकचकीत थेंब फरशीवरून पळाले, एकमेकांना भेटले, परत फुटले, पलंगाखाली गेले. तिने काचा कागदात गुंडाळून कपाटामागे टाकल्या आणि पुस्तक घेऊन बसली. आई आली, डबी उघडली आणि तिच्यासमोर येऊन उकिडवी बसली. आता गालावर बसणार म्हणून तिने डोळे घट्ट मिटले. आई म्हणाली, "फुटला ते कळलं मला. पारा कुठे सांडला, तेवढं सांग." कोणी फोडला, का फोडला, हात का लावला, काही नाही. पारा कुठे आहे? मग दोघी पलंगाखाली शिरल्या आणि पत्त्याच्या पानाने एकेक थेंब बाटलीत गोळा करत बसल्या. रागावली ती दुसऱ्या दिवशी, व्यवस्थित, सावकाश, पारा सगळा बाटलीत गेल्यावर. पण तिच्या लक्षात राहिली ती पलंगाखालची धूळ, आईच्या साबणाचा वास, आणि छातीवरून काहीतरी उचललं गेल्यासारखं हलकं वाटलेलं.

दुपारी बारा वाजता डोकं दुखतंय असं सांगून ती घरी निघाली. डोकं खरंच दुखत होतं. बसमध्ये खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून ती बसली होती आणि शेजारची बाई फोनवर कुणाला तरी म्हणत होती, "अगं, मी काय बोलणार? सगळेच हो म्हणत होते." ते कशाबद्दल होतं कोण जाणे. तिने डोळे मिटून घेतले.

घरी सासरे एकटेच असायचे. नवऱ्याची नोकरी फिरतीची. महिन्यातले पंधरा दिवस तो बाहेरगावी, उरलेले पंधरा दिवस फोनवर. सासऱ्यांनी उभं आयुष्य जमीन मोजणीच्या खात्यात काढलेलं, हातात साखळी आणि मोजणीची वही. ऐंशीला दोन कमी. गेल्या काही आठवड्यांत ते जरा गप्प झाले होते, आणि तिने ते वयावर घातलं होतं. नऊ आठवड्यांपूर्वी, लाँचच्या आधी खऱ्या माणसाच्या हातात देऊन बघावं, म्हणून तिने आपलं ॲप त्यांच्या फोनमध्ये घातलं होतं. चावीने दार उघडून ती आत आली, तेव्हा ते जेवणाच्या टेबलाशी बसले होते. डाव्या तळहातावर रक्तदाबाची पांढरी गोळी, उजव्या हातात पाण्याचा पेला. फोनवर घंटा वाजत होती. चार्जिंगची पिन नुकतीच काढलेली, वायर लोंबत होती. गोळ्यांच्या डबीत आजचा सकाळचा खण रिकामा होता, आणि उद्याचाही रिकामा होता.

"बाबा!" ती जवळजवळ ओरडलीच. "ती गोळी सकाळी घेतलीत ना तुम्ही?"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग गोळीकडे. "घेतली होती का?"

"मी समोर होते. साडेआठला."

"पण घंटा वाजली," ते म्हणाले. "तुमच्याच ऑफिसची ना ही? मग बरोबरच असणार."

तिने त्यांच्या हातातली गोळी घेतली. त्या क्षणी तिला सांगता आलं असतं. एक वाक्य होतं सगळं मिळून: घंटा चुकतेय. पण इतके महिने असलं वाक्य ऑफिसात तोंडातून निघालं नव्हतं, ते घरी तरी कुठून निघणार? ती म्हणाली, "असू दे बाबा. होतं असं कधी कधी. मी बघते." सासऱ्यांनी मान डोलावली, फोन उलटा करून ठेवला आणि आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. लोटलेल्या दाराकडे बघत ती उभी राहिली. हातातली गोळी घामाने विरघळायला लागली होती, बोटांना पांढरा चिकट डाग पडत होता. तिने ती बेसिनमध्ये टाकून बोटं धुतली. मग ती स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. नऊ दिवसांनी असे चाळीस हजार फोन. चाळीस हजार घरं, आणि त्यांतल्या कितीशा घरी बारा वाजता कुणाचं डोकं दुखायला लागून सून परत येणार होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंगला मोठ्या बाई आल्या होत्या. कंपनी त्यांची. वर्षातून चारदा दिसायच्या. लाँच जवळ आला म्हणून आज सहाव्या मजल्यावर उतरल्या होत्या. साधा सुती कुर्ता, डोक्यावर सरकवलेला चष्मा, हातात घरून आणलेली पाण्याची बाटली. कप्तान त्यांना फळा दाखवत होता. "अकरापैकी अकरा," तो म्हणाला. मोठ्या बाईंनी "वा" म्हटलं. तिने चकत्यांचा डबा उघडला आणि लाल शोधू लागली. हिरव्या होत्या, तळाशी दोन पिवळ्या होत्या, लाल एकही नव्हती. मग आठवलं, लाल चकत्या सगळ्या खानपानाच्या खोलीतल्या फ्रिजवर होत्या. सहलीचे फोटो, वाढदिवसाच्या याद्या, 'आपापला पेला धुवावा' अशी पाटी, हे सगळं आता त्यांच्यावर लटकत होतं. तिला ते इतकं हास्यास्पद वाटलं की भीतीला क्षणभर जागाच उरली नाही. तिने आपल्या ओळीतली हिरवी चकती काढली आणि मुठीत धरली.

"माझं काम बुडतंय," ती म्हणाली. "चकती नाहीये, म्हणून तोंडी सांगते. लाल."

वातानुकूलनाची घरघर अचानक मोठी झाली. तिला पायांखालचा गालिचा मऊ, फार मऊ वाटत होता, जणू त्यात रुतायला होईल. कप्तानाचा आवाज गोड झाला. "ताई, काल तुमचं डोकं दुखत होतं, नाही का? आपण जरा—"

"डोकं आज बरं आहे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला, आईच्या जवळपासचा. "घंटा दोनदा वाजते. हे मास्तरांना सापडलेलं नाही, मला सापडलंय. मीच त्यांना माझं नाव घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. काल दुपारी माझे सासरे रक्तदाबाची गोळी दुसऱ्यांदा घेत होते. आपल्या घंटेमुळे. मी घरी पोचले म्हणून घेतली नाही."

कोपऱ्यात कोणाच्या तरी तोंडून हसण्याचा पहिला श्वास निघाला होता, तो तिथेच थांबला. मोठ्या बाईंनी डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला. "कधी होतं असं नक्की?"

"फोन बंद होऊन चालू झाला की. बॅटरी संपली, कुणी चुकून बटण दाबलं. म्हाताऱ्या माणसांचे फोन रोज बंद पडतात."

"नीट करायला किती दिवस?" हे त्यांनी तिला नाही, सगळ्यांनाच विचारलं.

मास्तर म्हणाले, "दोन आठवडे. नीट म्हणजे नीट."

"मग दोन आठवडे," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि सासऱ्यांना डॉक्टरांना दाखवून घ्या. बरं, पुढचं काय आहे?"

पुढचं काय आहे! तिला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. ज्याच्यासाठी इतके महिने ती जीव मुठीत धरून लिफ्टमध्ये चढली, ज्याच्यासाठी एक मुलगी कुंडी घेऊन निघून गेली, शब्दांना शब्द लावून खोटं खरं केलं, ते सगळं चहात साखर किती घालू इतक्या सहज विचारून संपलं होतं. कोणी अंगावर आलं नाही. छत जागेवर होतं. मोठ्या बाई पाण्याचा घोट घेत पुढच्या ओळीकडे बोट दाखवत होत्या. तिला एकदम, लाज वाटावी इतकी भूक लागली. मीटिंग संपल्यावर तिने खानपानाच्या खोलीत उभ्यानेच चार बिस्किटं खाल्ली, मग आणखी चार. सुटल्याची ती भावना अंगभर होती. फक्त तिच्या आतून कुठेतरी राग वर येत होता. एवढंच होतं? एवढ्याचसाठी आम्ही असे झालो?

मग लोक यायला लागले. आधी ॲपमधली चित्रं काढणारा चित्रकार, खुर्ची ओढून. "ताई, ते 'घेतली' बटण आहे ना, जाड चष्मा असलेल्यांना ते 'नाही घेतली'च्या फार जवळ वाटतं. मला मार्चपासून ठाऊक आहे." तिने लिहून घेतलं. त्याच्यानंतर संघातली सगळ्यात नवी मुलगी आली. तिने वहीच पुढे केली. शेवटच्या पानावर, उलट्या बाजूने, बारीक अक्षरात अकरा गोष्टी होत्या. "घरी लिहून ठेवत होते," ती म्हणाली, "इथे लिहिलं तर कोणी बघेल म्हणून." पोरीचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. दुपारपर्यंत यादी सदतीसवर गेली. इतकी माणसं इतके महिने एकेक खडा जिभेखाली धरून बसली होती आणि शेजारच्याला वाटत होतं, बोलत नाही म्हणजे याच्या तोंडात काही नसेल.

कप्तान सगळ्यात शेवटी आला. बसला नाही, टेबलाच्या कडेला बोटं टेकवून उभा राहिला. गोड आवाज नव्हता. त्याला आणखी एक आवाज होता हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. जरा घोगरा, लहान. "ताई, ती तारीख आहे ना, ती वरून आली नव्हती."

"म्हणजे?"

"बाईंनी विचारलं होतं, कधी होईल. मीच म्हणालो, या महिन्यात. त्या काही बोलल्या नाहीत. मग ती धरून बसलो मी." त्याने टेबलावरची बोटं काढून घेतली. "आधीच्या कंपनीत मी एकदा उशीर होईल म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर दुसरा माणूस होता."

तिला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी ती कुंडी घेतलेली मुलगीही दिसली. दोन्ही एकाच वेळी. "तिला फोन करा," ती म्हणाली. कोणाला, हे त्याने विचारलं नाही. खाली बघत मान हलवली आणि गेला. करेल की नाही, कोण जाणे. पण सांगून टाकल्यावर ती बाब तिच्याकडे उरली नव्हती, आणि तेही तिला बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र उरली होती. चार वाजता मास्तर जिन्यात खिडकीशी उभे असायचे, पाय मोकळे करायला. ती तिथे गेली. मास्तर प्रसन्न दिसत होते. "बोललीस ते बरं झालं," ते म्हणाले. "आज बऱ्याच दिवसांनी काम करावंसं वाटलं. कालच्या मीटिंगनंतर राजीनामाच लिहायला घेतला होता. कप्तानाच्या बोलण्याचं नाही गं काही. तो चित्रकार ज्या तऱ्हेने हसला ना, नाकातून... काळजाला लागलं. पोटच्या पोरासारखा शिकवलाय मी त्याला. कालपासून बोललो नाही त्याच्याशी."

चित्रकार! म्हणजे त्यांना ठाऊकच नव्हतं. दार उघडं होतं, तिने नुसतं बाहेर पडायचं होतं. मास्तर खूश होते, ती आज त्यांच्या लेखी शूर होती. जिन्यात साफसफाईच्या औषधाचा वास होता, खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादर झटकत होतं. तिने कठडा धरला.

"मास्तर, तो नव्हता. ती मी होते."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरची प्रसन्नता एकदम गेली नाही. ती हळूहळू, पाणी झिरपावं तशी आत गेली. मग म्हणाले, "हे सांगितलं नसतंस तर चाललं असतं."

"हो."

"आता मला वाईट वाटणार आहे काही दिवस."

"हो."

"आज बोललीस ते मोठं काम केलंस. पण त्यातून हे वजा नाही होत हं माझ्या हिशेबी. दोन्ही वेगवेगळं राहील." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. "मी जातो. त्या पोराशी बोलायला हवं. बिचारा कालपासून माझ्याभोवती घोटाळतोय, काय चुकलं म्हणून." दोन पायऱ्या चढून ते वळले. "उद्या सकाळी ती घंटा घेऊन बसू. नऊ वाजता ये."

माफी मिळाली नव्हती. पण नऊ वाजताची वेळ मिळाली होती. ती तिथेच खिडकीशी उभी राहिली आणि पोटातून खोल श्वास घेतला, थेट तळापर्यंत जाणारा. असा श्वास घेतल्याला किती दिवस झाले होते, हे तिला सांगता आलं नसतं.

घरी पोचली तेव्हा अजून ऊन होतं. सासरे बाल्कनीत बसले होते, हातात घडी घातलेला, न वाचलेला पेपर. तिने चपला काढल्या आणि पर्स खांद्यावर असतानाच त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "बाबा, तुम्हाला एक सांगायचंय. कालच सांगायला हवं होतं. ती घंटा चुकते. आमची चूक आहे. एकदा गोळी घेऊन झाली तरी परत वाजते. दोन आठवडे लागतील दुरुस्त व्हायला, तोवर मी काढून टाकते फोनमधून."

सासऱ्यांच्या हातातला पेपर मांडीवर उतरला. "चुकते म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही घेतलेली असते. तिलाच कळत नाही."

"काल मी घेतली होती."

"घेतली होती."

"आणि त्या आधी? मागच्या मंगळवारी? त्या दिवशी वीज गेली होती बघ, फोन पार बंद पडला होता."

"तेव्हाही घेतली असणार बाबा."

ते उठले, खोलीत गेले आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून घेऊन आले. ते उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने ओळी आखलेल्या होत्या, मोजणीच्या वहीत असाव्यात तशा सरळ. तारीख, वेळ, आणि पुढे एकेक खूण. काही खुणांपुढे प्रश्नचिन्ह. "हे बघ. मी लिहून ठेवत होतो. घेतली की खूण. मग घंटा वाजायची. मग मला वाटायचं, खूण आधीच करून ठेवली असेल मी, गोळी घ्यायची राहिली असेल. दोनदा घेतली मी तशी. एकदा न्हाणीघरात चक्कर आली." ते पुढे बोलतच राहिले, घाईघाईने, जणू आता थांबलं तर परत सांगणं व्हायचं नाही. "सांगितलं नाही कुणाला. म्हटलं, डोकं गेलं आपलं. म्हटलं, पोराला कळलं तर तो म्हणेल, बाबांना आता एकटं ठेवता येणार नाही, कुठेतरी सोय करू या. म्हणून बोलायचंच बंद केलं. बोललं नाही की चूक सापडत नाही."

तिने त्यांचा हात धरला. सून झाल्यापासून सोळा वर्षांत असा हात धरलेला नव्हता. तो कोरडा, हलका, आणि अजूनही चांगला घट्ट होता. "उद्या सकाळी ऑफिसला उशिरा जाते मी," ती म्हणाली. "आधी डॉक्टरांकडे जाऊ." मग नऊची वेळ आठवली आणि तिने तिथल्या तिथे मास्तरांना निरोप पाठवला: सासऱ्यांना दवाखान्यात नेतेय, अकराला येते. उत्तर लगेच आलं: ये सावकाश.

सासऱ्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. कॅलेंडर डोळ्यांजवळ धरून ते एकेका ओळीवरून बोट फिरवत होते, आणि जिथे प्रश्नचिन्ह होतं तिथे थांबून स्वतःशीच पुटपुटत होते, "बरोबर होतं... हेही बरोबर होतं... हेही." खालपर्यंत जाऊन ते परत वर आले, पुन्हा एकदा सगळं तपासलं, आणि मग त्यांनी खिशातली पेन्सिल काढली.

"सूनबाई," ते म्हणाले, "खोडरबर आहे का गं घरात?"